विहिणीच्या नाकावर न झालेलं गाणं

...आणि वर मलाच म्हणतात, तुमच्या गावानं आमचा मान राखला न्हाय! आता तुम्हीच सांगा, मान राखला नाही म्हणजे काय केलं असेल आमच्या सणसरच्या माणसांनी? पंगतीत तूप कमी पडलं? वऱ्हाडाच्या बैलांना वैरण मिळाली नाही? छे! मान राखला नाही म्हणजे आमच्या सासूबाईंना लग्नात कुणी शिव्या दिल्या नाहीत! हसू नका. मीही हसणार होते, पण नव्या नवरीनं हसायचं कुणाकडं बघून? तुम्हाला सांगते, आठ महिने झाले डाळजला नांदायला येऊन, आणि त्या न दिलेल्या शिव्या आठ महिने मी खातेय. आणि मला कुणी विचारलं?

मी मुळात कमी बोलणारी. माहेरी आई म्हणायची, "सारजे, त्वांड हाय का रांजणाचं झाकान?" पण आज घरची सगळी माणसं वांगी घेऊन भिगवणच्या बाजाराला गेलीत, दिवस मावळेपर्यंत यायची नाहीत, तेव्हा एका दमात सांगून टाकते. मधे थांबवू नका, मी थांबले की परत सुरू होत नाही.

तर सरूबाई. आमच्या सणसरची सरूबाई तुम्हाला ठाऊक नाही? मग तुम्ही बारामतीपासून इंदापुरापर्यंत एकही लग्न जेवलेला नाहीत! आमच्याकडं मुलीकडच्या बायका रुखवताच्या पाट्या डोक्यावर घेऊन, वऱ्हाड उतरलेलं असतं तिथं जातात, आणि वरमाईला पुढ्यात बसवून गाण्यातून तिचा उद्धार करतात. चाळीस वर्षं ही गाणी सरूबाईनं रचली आणि तिनंच म्हटली. आठ दिवस आधी माणूस पाठवून चौकशी करायची... विहीण चालते कशी, घोरते का, भाकरी थापताना जीभ बाहेर काढते का... आणि मग असा खणखणीत आवाज लावायची की मांडवातले पुरुष ताट सोडून ऐकायला यायचे. विहिणी चिडायच्या म्हणता? अहो, वाट बघायच्या! आमच्या सासूबाईंच्या थोरल्या जावेला सरूबाईनं 'दुध्या भोपळ्याचा येल' म्हटलं होतं, त्याला सोळा वर्षं झाली, ती बाई अजून नव्या माणसाला नावाच्या आधी ते सांगते.

आणि आमच्या सासूबाई! मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाईंचं नाक... कसं सांगू... देवानं हात सैल सोडून दिलेलं नाक आहे. सणसरची सोयरीक ठरली तशी त्या आरशापुढं बसायला लागल्या म्हणे. सरूबाई या नाकावर काय काय म्हणेल! उलट उत्तर द्यायला इथली दगडाबाई गाडीत घातली. तिनं महिनाभर जवाब रचून पाठ केलेले. अकरा गाड्या वऱ्हाड आलं, ते माझ्या लग्नाला आलं असं मला वाटत होतं... शिव्या ऐकायला आलं होतं!

आणि त्या दिवशी सरूबाईला काय झालं कोण जाणे. पुढ्यात आत्याबाई नाक वर करून बसलेल्या, दगडाबाई पदर खोचून तयार, आणि म्हातारीनं आवाज लावला तो हा असा... खाली, संथ, जात्यात शेवटची मूठ राहावी तसा. ना विहिणीचं नाव, ना नाकाचं. गाणं कुणावर? नवरीवर! म्हणजे माझ्यावर! आणि मी कुठं? मी घरात, मुंडावळ्या बांधून, भिंतीकडं तोंड करून बसलेली. नवरीनं रुखवताबरोबर जायचं नसतं ना! जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यावर गाणं केलं आणि तेवढं मला सोडून दोन गावांनी ऐकलं.

मग जी रणधुमाळी माजली! सणसरच्या निम्म्या बाया डोळे पुसतायत, निम्म्या सरूबाईवर तुटून पडल्यात. एक म्हणे, "म्हातारीचं दात पडलं, शिव्या फुटत न्हाईत आता." दुसरी म्हणे, "बारामतीला येका दुकानात कर्ण्याच्या पेटीतलं गानं ऐकून आली, तवापास्नं बिघडली." तिसरी म्हणे, "नवरदेवाकडनं लुगडं घेतलं आसंल गुपचूप!" इकडं दगडाबाई डोक्याला हात लावून, "जवाब कशाला दिऊ? रडन्याला?" आणि आत्याबाई... त्या उठल्या, लुगडं झाडलं, म्हणाल्या, "येवढं ढळढळीत नाक, आन् त्या म्हातारीला दिसलं न्हाय व्हय?" सरूबाई एवढंच म्हणाली म्हणे, "विहिनी लई झाल्या गं. जी पोरगी चाललीया, तिला कुनी काय म्हनायचं का न्हाय?"

आषाढात सरूबाई गेली. पंचमीला मी माहेरी गेले, तिच्या शेजारच्या फुलाबाईला म्हटलं, मावशी, माझ्यावरचं ते गाणं काय होतं? तर ती म्हणे, "चारच वळी म्हनली बघ, मग दम लागून गप झाली. पर काय म्हनली ते कुठलं ध्यानात! आमी तर तवा चिडलो हुतो." साऱ्या आळीत विचारलं. आवडलं म्हणणाऱ्या बायांनाही रडणं आठवत होतं, ओळी नाहीत. आणि फुलाबाई म्हणते कशी, "तुझी सासूच तेवढी तोंडाम्होरं बसल्याली. तिला इचार की!"

विचार की! अहो, आत्याबाई माझ्याशी बोलायच्या ते एवढंच... 'दळ', 'पानी आन', 'कोंबड्या झाक'. त्यातलं एखादं तरी कोंबड्यांनाच सांगितलेलं असायचं. आमचे हे मोटेवर, दिवसभर बैलांशी बोलतात, घरी येईतो शब्द संपलेले असतात. माहेरी पाटाचं पाणी रात्रंदिवस दाराशी खळखळायचं, इथं माळावर वारा सोडला तर कुणी हूं म्हणत नाही. मला करमतंय का, मी जेवले का, रडले का... मला कुणी विचारलं?

मग गेल्या अमावास्येनंतरची गोष्ट. पहाटे दळायला बसले. आत्याबाई गोठ्यात आहेत अशी माझी समजूत. आणि कसं कोण जाणे, आठ महिन्यांचं सगळं तोंडाला आलं. सरूबाईचा तो जुना खणखणीत सूर लावला आणि म्हटलं,

"सासूबाईचं नाक, जनू भिगवनचं ठेशन,
आगगाडी म्हनती, बया हितंच उतरन!"

मागं बघते तर दारात आत्याबाई! हातात शेणाची पाटी. माझा खुंटा हातातच राहिला. म्हटलं, झालं, आजच सणसरला पाठवणी. तर त्या उंबरा ओलांडून आत येतात आणि म्हणतात, "म्होरं?"

"म्होरं काय न्हाय आत्याबाई."

"येवढंच? येवढ्या नाकाला दोनच वळी?"

आणि पाटी ठेवून माझ्या समोर बसल्या, जात्याच्या पलीकडं, खुंट्याला हात लावून! ऊन वर येईपर्यंत दगडाबाईला सांगून आल्या, आमच्या सुनंनं आमाला ठेशन केलं. दगडाबाई धावत आली, आठ महिने आंबलेले जवाब माझ्यावर ओतून गेली, चेहरा कसा हलका झाला बाईचा!

दुसऱ्या दिवशी मी धीर केला. म्हटलं, आत्याबाई, शिवी देते, पण त्या बदल्यात सरूबाईच्या गाण्याची एक ओळ द्यायची. "मला कुठलं येतंया आसलं रडगानं," म्हणाल्या. मी गप्प. मला गप्प बसता येतं, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. शेवटी त्यांनाच राहवेना. आपल्या चालण्यावर माझ्याकडनं एक ओवी म्हणवून घेतली, रिकामी मोट कुरकुरते तसं चालता अशी, आणि खाली मान घालून पहिली ओळ दिली. चार दिवस, चार ओळी. शेवटच्या ओळीला मला आत्याबाईंचे दोन्ही कान आणि डावा पाय शिव्यांत खर्ची घालावा लागला.

"कालव्याचं गं पानी, मागं वळून पाहीना,
लेक चालली माळाला, तिची वाटच सरंना.
नव्या घरी गेल्यावर कुनी पुसंल का तुला,
भूक लागली का बाई, पाट देऊ का बसाया?"

झालं गाणं. मी पदरानं तोंड पुसलं, म्हटलं, संपलं. तर आत्याबाई म्हणतात, "कुठलं संपतंया! लई लांब हाय ते." आणि पाचव्या दिवशी,

"बोरीखालची हीर बाई, तिची पायरी निसरडी,
घागर घिऊन चढताना हात धर उजव्या कडी."

आता ही बोरीखालची विहीर कुठली? आमच्याच घरामागची! सरूबाईनं उभ्या जन्मात डाळज पाहिलेलं नाही. पण मी काही बोलले नाही. गाणं वाढत वाढत गेलं आणि आज पहाटे, बाजाराला निघायच्या आधी, आत्याबाई खुंटा ओढता ओढता जात्यातच बघत म्हणाल्या,

"सून आनली मुकी बाई, घर येतंया खायाला,
कुनी न्हाई दिसभर सासूसंगं बोलायला."

मी थांबले. जातं थांबलं. म्हटलं, "आत्याबाई, हेबी सरूबाईचंच?"

"मग काय मी रचलं? दळ गप! आन् उद्याचं जरा झोंबनारं म्हन, आज लई गुळमुळीत झालं."

तर अशी गत आहे. चार ओळींचं गाणं बारा ओळींवर गेलंय आणि ते संपायचं काही चिन्ह दिसत नाही. इकडं माझ्याजवळ आता आत्याबाईंचा एक उजवा गुडघा तेवढा उरलाय, बाकी सगळं अंग म्हणून झालं. रोज पहाटे उठून हुकमानं सासूला शिव्या द्यायच्या, जगात कुठल्या सुनेला लागलंय हे काम? जमतंय का, सुचतंय का, मला कुणी विचारलं?... थांबा, गाडीची घुंगरं वाजली वाटतं. आली माणसं. मी काही बोलले नाही हं! गुडघा उद्या संपेल, परवापासून पुन्हा नाकावर यावं लागणार... देवानं ते मोठं दिलंय, तेवढंच बरं.