बसायची बैठक

टाउनशिपच्या थांब्यावर गोविंदपुऱ्याच्या बसची वाट पाहत एक प्रौढ जोडपं माझ्या शेजारी उभं होतं.

"कमल, तू घरी जा. दारू सोडणाऱ्यांची बैठक आहे, मी एकटा जाईन."

"'बैठकीला जातो' म्हणूनच इतकी वर्षं जात होतात."

"त्या बैठकीचा पत्ता विचारावा लागत नसे. पायच गात गात न्यायचे. परतताना मात्र दुसऱ्यांचे पाय लागायचे."

"आणि हिचा?"

"कारखान्याच्या गेटवर मिश्राला विचारलं, 'यार, बैठक कहाँ होती है?' म्हणाला, 'शाम को मेरे घर. नमकीन तू ले आना.'"

"मग?"

"सवयीनं घेतलं ना! पिशवीत आहे."

"अहो!"

"गेलो नाही गं. गोविंदपुऱ्याच्या शाळेच्या चौकीदाराला नीट विचारलं. शाळेच्याच मागच्या खोलीत भरते म्हणाला."

"मी येतेच. तुम्ही आत जा, मी बाहेर बसते."

"'बसते' नको म्हणूस. 'जरा बसू या' म्हणता म्हणताच घर बुडवलं मी."

"बरं, उभी राहते. आणा ते नमकीन इकडे."

बस आली. पिशवी तिच्या हातात देत तो म्हणाला,

"दारापाशीच राहा मग. आतून दिसशील अशी."