खापर कुणाच्या डोक्यावर

सून: अर्ध्याअधिक कुंड्यांना तडे गेलेत, आई. मामंजींनी पहिल्यांदाच भट्टी माझ्या हाती दिली आणि मी हे करून बसले. आता पुन्हा हातसुद्धा लावू देणार नाहीत.

सासू: आधी डोळे पूस. झालं काय?

सून: राहवलं नाही मला. निवायच्या आतच दार उघडलं. गार वारा शिरला आणि तडतड सुरू झाली.

सासू: बरं झालं, ह्यांच्या कानावर गेली नाही. असं कर, धाकट्यानं कुंड्या खेटून रचल्या होत्या म्हणून सांग. त्याच्या डोक्यावर खापर फोडलं की तू सुटलीस. नाहीतरी त्याला सवय आहे.

सून: भाऊजी तर माल पोचवायला गेलेत. त्यांना यातलं काही ठाऊकही नाही.

सासू: म्हणून तर सोयीचा.

सून: आई, हा तुकडा बघा. यालाच खापर म्हणतात ना? मग जे फुटलंय ते पुन्हा फोडतात कसं?

सासू: काय काय सुचतं तुला. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, विहिरीवरून येताना एकीचा घडा पडून फुटला. घरी काय सांगायचं? तिनं खापर उचललं नि पुढे चाललेल्या बाईच्या डोक्यावर हाणलं. म्हणाली, हिच्याच धक्क्यानं फुटला. तिथून हे बोलणं आलं म्हणे. खरंखोटं देव जाणे, त्या बोलायच्याही फार.

सून: पण त्या पुढचीच्या डोक्यावरही भरलेला घडा असेल की.

सासू: असणारच.

सून: म्हणजे तोही फुटला.

सासू: हे बाई मी कधी विचारलंच नाही त्यांना.

(सासरे आत येतात.)

सासरे: कसली खलबतं चाललीत? आणि भट्टीचं दार उघडं कसं?

सासू: अहो, ते धाकट्यानं ना...

सून: मी उघडलं, मामंजी. गरम असतानाच. भाऊजींचा काही संबंध नाही.

सासरे: हं. किती गेल्या?

सून: अर्ध्याहून जास्त.

सासरे: (सासूकडे वळून) आणि तू निघालीस धाकट्याच्या माथी मारायला. या घरात त्या पोराचं डोकं शाबूत राहिलंय, हेच नवल.



सून: मामंजी, पुढची भट्टी कोण लावणार?

सासरे: तूच. दुसऱ्या कुणाला शिकवायला एवढ्या कुंड्या मी कुठून आणू?