एका माळेचं दूध

हॅलो? … हॅलो… मिलिंग? लागला एकदाचा. … अगं, तुझा आवाज किती लांबून येतोय. थांब, खिडकीशी येते… हं, बोल आता.

… हो, आहे. श्वास आहे… पण लांब लांब झालाय. एक घेतला की दुसरा येतोय की नाही, असं होतं.

… डॉक्टर सकाळीच येऊन गेला. म्हणाला, आता हलवू नका, घरीच राहू दे… नाही, नळ्या-बिळ्या काही नाहीत. इमाला नकोच होत्या. आपली आई ती, ऐकते कुणाचं?

… काल ना? काल आंबवलेल्या भाताचा बुरो मागितला. वांगं वाफव आणि बुरो दे म्हणाली… डॉक्टर नको म्हणाला होता, पण मी बोटाला लावून दिला चाटायला. आंबलाय नीट, म्हणाली… मग काय, आता कसलं पथ्य.

… मिलिंग, तिकीट बघू नकोस. ऐक माझं. तू तुरिनहून निघणार, मनिलाला उतरणार, तिथून बाकोलोरला येणार… नाही गं. आजची संध्याकाळ निघाली तरी खूप.

… रड. रडून घे. मी आहे फोनवर.

… झालं? … बरं. आता ऐक. मी तुला मघापासून फोन लावतेय तो याचसाठी. ती तुझं नाव घेतेय. सकाळपासून. मिलिंग कुठाय, मिलिंग शाळेतून आली का… हो, शाळेतून. म्हटलं, येईल इतक्यात.

… बोल ना. बोलण्यासाठीच तर लावला. स्पीकर करून कानाशी धरते… पण अगं ऐक ना, आधी ऐक. टागालोगमध्ये नको बोलूस. आपल्या भाषेत बोल.

… कारण तिला टागालोग कळत नाही आता. दुसरा झटका आला तेव्हापासून. सगळं पुसलं, आपली कापाम्पांगान तेवढी राहिली. माझी नातवंडं येऊन बोलतात, तर ही नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. पोरंही कंटाळून निघून जातात… त्यांचा काय दोष. शिकवली कुणी त्यांना?

… येत नाही म्हणजे काय? इथेच जन्मलीस ना तू?

… हो, माहितीये मला. मागच्या खेपेला बाजारात बुरोवाली हसली तुला… बरं, सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. निम्मं टागालोग, निम्मं इटालियन आणि मध्ये चुकार आपला एखादा शब्द, हसू येणारच माणसाला. पण त्याचा राग एवढा धरायचा, की आईशीसुद्धा… बरं, राहू दे. भांडायची वेळ नाही ही.

… धरते हं. इमा… इमा, बघ कोण आहे फोनवर. मिलिंग आहे… बोल गं.

…

… थांब. थांब जरा, मिलिंग. घाबरून टागालोगच बोललीस ना… कळतंय मला. तोंडात तेच येतं… ती काय म्हणाली, ते ऐकू आलं तुला? … नाही? बरं झालं.

… कशाला ऐकतेस… बरं. म्हणाली, ही बाई कोण आलीये, हिला बसायला दे. जेवली का विचार.

… नाही गं, रागानं नाही. दारात आलेल्या पाहुणीला म्हणते ना, अगदी तसं… हो, मिलिंग. मलाही लागलं ते.

… प्रार्थना? … फोनवर सापडली? आपल्या भाषेतली? बरं, वाच. धरलाय फोन.

… हं… हं…

… पुरे, मिलिंग. नको… उच्चार ठीक आहेत, तसं नाही. तू वाचतेयस, आणि तिला वाटतंय पाद्री आलाय. हात जोडायला बघतेय, आणि जोडता येत नाहीत. घाबरलीये… घाबरणार नाही तर काय? कुणाच्या उशाशी असं वाचतात, ते हिच्याइतकं कुणाला माहीत. ज्वालामुखी फुटून डोंगराचा चिखल गावावर यायच्या आधीपासून अख्ख्या गल्लीतल्या मरणाऱ्यांच्या कानात हिनंच तर म्हटलंय. आता हिच्या कानात म्हणायला कोण उरलंय सांग. दारा सेपा मावशी म्हणायची, तीही गेली. नवा पाद्री उत्तरेकडचा, बिचारा येतो, टागालोगमध्ये म्हणतो, कॉफी पिऊन जातो.

… मी म्हणतेच गं. रोज म्हणते. पण ती मला नाही शोधत, तुला शोधतेय… सांगताना मला बरं वाटतंय असं समजू नकोस. इतकी वर्षं हगणं-मुतणं मी काढलं, आणि जाताना तोंडात नाव तुझं… नाही, टोमणा नाही मारत. असतं तसं. धाकटं ते धाकटं.

… ठेवू नकोस फोन. मिलिंग, ठेवलास तर बघ… अगं ऐक ना. मला एक सांग. तिबुक-तिबुकचं गोड करताना दूध किती वेळ घोटायचं?

… वेड नाही लागलं मला. सांग ना. किती घोटायचं?

… घड्याळात नको सांगूस. इमानं कधी घड्याळ बघून शिजवलंय काही? … हं. बरोबर. एक माळभर. म्हशीचं दूध, तांदळाची पिठी, वरून लिंबाची साल, आणि जपमाळ पुरी होईतो पळी थांबवायची नाही. आणि माळ कोण म्हणायचं? … तूच. मी खाली बसून नारळ खवायचे, तू कढईशी, आणि इमा तुझ्या पाठीशी.

… विसरली नाहीस. तुला वाटतंय विसरलीस… त्या जुन्या शब्दांचा अर्थ नसेना का येत. तेव्हा तरी कुठे येत होता.

… डोळे मिट. जुन्या स्वयंपाकघरात जा… नाही काय म्हणतेस? आहे ना. माझ्या पायाखाली आहे. चिखल छपरापर्यंत भरला खरा, पण त्यानं उचलून नेलं का काही? त्याच्यावरच तर खांब टाकून घर उभं केलं आपण. सरकारनं दिलेल्या घरात ही राहिली का? माझी चूल तिकडे खाली आहे म्हणाली आणि निघून आली… हं. तर चूल पेटलीये. कढई चढलीये. धूर तुझ्या डोळ्यांत जातोय. पळी धर हातात.

… खरंच धर. तू सांभाळतेस त्या इटालियन म्हातारीच्या स्वयंपाकघरात पळी नसेल का? … घे. आणि एखादं पातेलं घे… रिकामं चालेल. हात फिरला की तोंड चालेल.

… घेतलंस? फिरव… येतोय, आवाज येतोय पातेल्याचा. आता म्हण.

… हं… अगं, अशी हळू नको. भक्तीनं नको म्हणूस, मिलिंग. तेव्हा कुठे भक्ती होती तुझ्यात? मैत्रिणी खाली उभ्या असायच्या, तुला पळायचं असायचं. शब्द गिळत म्हणायचीस… हं… हं, तशी. अगदी तशी…

… चुकलं तर चुकू दे. तेव्हाही तिथेच चुकायचीस. पुढे चल…

… मिलिंग, थांबू नकोस. तिचा हात हलतोय… चादरीवर. गोल गोल… नाही, मी नाही धरलेला. आपणहून. पातेल्याच्या आवाजाबरोबर फिरतोय गं… म्हण, म्हण. पुढचे दहा मणी घे.

… इमा? … काय, इमा? … हो, आहे. इथेच आहे ती…

… ऐकलंस? … मिलिंग, ऐकलंस ना? … तुझं नाव घेतलं. म्हणाली, मिलिंग, आच कमी कर, खाली लागेल.

… हो, तुलाच. पाहुणीला असं दटावतं का कुणी? … रड, पण रडत रडत म्हण. थांबलीस तर आणखी ओरडेल… तू पहिलं अर्धं म्हण, मागचं मी म्हणते. तुझ्याबरोबर ती म्हणायची तसं… हं…

…

…

… काय? … नाही. काही नाही. तू म्हण.

… थांबलाय हात. दमली असेल… नको विचारूस आता. माळ अर्ध्यात सोडायची नसते. उरलेली म्हण. मी आहे बरोबर… हं… हं… थोडीच राहिलीये… हं… आमेन.

… मिलिंग, ती पळी खाली ठेव. गॅस-बिस लावला नाहीस ना? … बरं. आता खुर्चीत बस… बसलीस?

… इमा गेली.

… मघाच. मी ‘काही नाही’ म्हणाले ना, तेव्हाच… सांगितलं नाही, कारण तुझा आवाज चालू होता. वाटलं, तिला अजून ऐकू जात असेल. मधेच कशाला तोडायचा.

… असं म्हणायचं नाही. तू होतीस इथे… होतीस, मिलिंग. तुझ्यावर ओरडता ओरडता गेली. मी नुसती फोन धरून बसले होते.

… मला? … मला काय वाटणार… माझीही आईच ना गं ती.

… नाही, मी ठीक आहे. रडेन नंतर. आता जिन्यावर पावलं वाजतायत, शेजारच्या बायका आल्या वाटतं… हो, सांगते सगळ्यांना. तूच म्हटलंस, आपल्या भाषेत म्हटलंस, असंच सांगते. त्या बुरोवालीलाही.

… डोळे? … अर्धे उघडे आहेत अजून… हो, मीच मिटणार. हनुवटीही बांधायला हवी, जबडा आवळायच्या आत… हो. तुझ्या वतीनंही मिटते.

… मिलिंग, ठेवते आता. दोन्ही हात लागतील मला.