काचेच्या पेटीतलं हिरवं पाणी

पनवेलच्या एसटी स्टँडवर पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीची वाट बघत धर्मराज बाकड्यावर टेकला होता. पाठीमागे पाटी घेऊन बसलेल्या कोळणीला एक तरुण बाई काकुळतीला येऊन काही सांगत होती, आणि त्याचे कान आपसूक तिकडे लागले.

“मावशी, मी काम करते ते डॉक्टर लेकीला घेऊन आता पुन्याच्या गाडीनं घरी येतात. मासे ठेवलेल्या काचेच्या पेटीतलं पानी पार हिरवं झालंय.”

“पेटी उन्हात ठेवलीस काय, वेणू?”

“खिडकीत ठेवली. माशांना ऊब मिळल म्हटलं.”

“उन्हानंच शेवाळ धरतं. पेटी सावलीत घ्यायची, थोडं थोडं पानी बदलायचं.”

“मी सगळं बदललं. परत हिरवं. मासे दिसनात, मग माझा जीव घाबरला.”

“मेले काय?”

“नाय, नाय. काढले आनि परसातल्या विहिरीत सोडले. तिथलं पानी कसं नितळ हाय.”

“डॉक्टरांच्या विहिरीत?”

“हां. का गं मावशी?”

“ते पानी नितळ राहावं म्हनून गेल्या साली मीच तिच्यात मरळ मासळी आनून सोडलीय.”

“एकच?”

“एकच. आता हातभर झाली असल.”

“ती किडेच खाते ना, मावशी?”

कोळणीने पाटीवरचं फडकं उगाच सारखं केलं.

गाडी येऊन थांबली. धर्मराज पिशवी घेऊन उठला, पण दारातून आधी एक फ्रॉकवाली पोर टुणकन उतरली.

“वेणू, माझे मासे मोठे झाले का गं?”