मुंगीची सही

...अहो, अकराव्यांदा! अकराव्यांदा त्या खिडकीपुढे उभा, आणि आतून तेच, "एकच कागद कमी आहे." तुम्हाला सांगतो, चार कमी असते तर माणूस घरी जाऊन निवांत पडला असता. पण एकच म्हटलं की आशा लागते हो, आणि त्या आशेवर यांनी मला वर्षभर नाचवलं.

काम काय? माझी ताई गेली. सरकारी छापखान्यात बांधणी खात्यात होती, तर तिच्यामागे तिच्या मुलीला पेन्शन मिळतं, त्याचा अर्ज. भाची नऊ वर्षांची, आम्ही तिला मुंगी म्हणतो. बाप कधीच दुसरा संसार थाटून मोकळा झालाय, म्हणून पालक कोण, तर मामा, म्हणजे मी. आणि गंमत बघा, तो आठ पानी फॉर्म ताईच्याच छापखान्यातला, कदाचित तिनंच टाचलेला... वाचला मात्र कधी नसेल बिचारीनं.

मृत्यूचा दाखला नेला, तर पोरीच्या जन्माचा हवा. जन्माचा नेला, तर मी मामा असल्याचा हवा. आता मामा असल्याचा दाखला कुठं मिळतो? मिळाला, सहाव्या खेपेला. मग म्हणे मुलगी हयात असल्याचा आणा. म्हटलं, बाई, ही काय समोर उभी आहे, तुमच्या शिक्क्याच्या शाईत बोटं काळी करतेय. "ते दिसतंय मला. पण एकच कागद कमी आहे ना."

मी पाट्या रंगवणारा माणूस, एका खेपेला एक दिवस दुकान बंद. पण मुंगीची कटकट नाही. शाळेचीही नाही, वर्षभरात एकदा म्हणून डायरी माझ्यापुढे सहीला आली नाही. इतकी गुणी पोर.

तर काल ताईला जाऊन वर्ष झालं, म्हणजे अर्जाचा शेवटचा दिवस. वर्ष उलटलं की पोरीचा हक्क संपला. खिडकी पाचला बंद, आणि आमचा नंबर लागला पावणेपाचला. बाई पानं उलटतायत, एक, दोन, तीन... माझा जीव टांगणीला. आठवं पान झालं आणि म्हणाल्या, "कागद पूर्ण आहेत." मी पिशवी उचलायला लागलो, तोच म्हणाल्या, "आता फक्त मुलीची सही."

नऊ वर्षांच्या पोरीची कसली सही? पण मुंगीनं पेन घेतलं आणि झर्रकन केली, खाली दोन टिंबं देऊन. बाईंनी बघितली. चष्मा पुसला, पुन्हा बघितली. ताईच्या नोकरीची जुनी फाइल उघडली. "मयत बाईंची सही आज इथं कशी?"

मी वाकून बघतो तर... ताईचीच. तेच वळण, तीच दोन टिंबं. मुंगी खाली बघत म्हणाली, "आईचा हात थरथरायचा शेवटी शेवटी. मग डायरीवर मीच करायचे. मला दुसरी येत नाही."

पाचला दहा कमी. बाई एकदा फाइलकडे बघतायत, एकदा पोरीकडे. आता म्हणणार, सही हिचीच असल्याचा एकच कागद... आता म्हणणार... आणि बाईंनी शिक्का मारला. "पालकांनी करा. लवकर."

केली. त्यांनी ओळखपत्राशी लावून बघितली. "जुळत नाही."

जुळेल कशी? ज्या हाताच्या अक्षरावर माझं पोट चालतं, तो हात लटलट कापत होता. दुसरी केली, ती तर पहिलीशीही जुळेना. पाचला तीन कमी, शिपाई खिडकीचं दार धरून उभा. बाई म्हणाल्या, "एकच जागा उरलीय. चुकली तर नवा फॉर्म, उद्या." आणि उद्या हक्कच नाही!

तेवढ्यात कोणीतरी बाही ओढली. "मामा, सरक. मला तुझीपण येते."

बाईंना नेमकं तेव्हाच भिंतीवरच्या घड्याळात काहीतरी दिसलं, त्या तिकडंच बघत बसल्या...

जुळली. पोच हातात घेऊन बाहेर आलो, जिन्यावर बसलो, म्हटलं, मुंगे, माझी सही गं कधी शिकलीस?

म्हणाली, "गणितात तीनदा नापास झाले ना, तेव्हा."

आता शाळेत जाऊन सांगायला हवं, त्या सह्या माझ्या नव्हेत म्हणून. पण कोणत्या तोंडानं सांगू? सरकारदरबारी तिनं केलेलीच माझी सही ठरलीय. माझी तर जुळतच नाही.