पुन्हा डोळे मिटलेत तुम्ही

—छे, परत मिटले! अहो घड्याळवाले, डोळे मिटायला बसवलंय का मी तुम्हाला या स्टुलावर? तरी सांगितलं, या कॅमेऱ्याचा फ्लॅश दोनदा उडतो — पहिला फसवा, नुसता डोळे लाल येऊ नयेत म्हणून, फोटो निघतो दुसऱ्याला. पण तुमचं काय, पहिला उडाला की सुटलो! लगेच उठायला निघता. सगळी गिऱ्हाइकं अशीच, तुम्ही जरा जास्तच. बसा. मान वर — एवढी नाही, छताला पाल आहे का? हं. हे बटण आधी अर्धं दाबायचं, म्हणजे कॅमेऱ्याची नजर तुमच्यावर ठरते, मग पूर्ण. अर्ध्यावर बोट धरून मी कितीही वेळ बघत राहू शकते — म्हणजे कॅमेरा. मला काय, मला कामं आहेत. हसू नका! नाही, हसा, स्थळाला पाठवायचा फोटो, तुमच्या ताईंनी बजावलंय ना, हसरा हवा म्हणून? काय करते ती मुलगी? बरं, मुलगी नाही, बाई म्हणू. शिक्षिका? वा, म्हणजे शिस्त आली. ती मोडकी घड्याळं भंगारात काढतील, दुपारी शटर अर्धं ओढून घोरता ते बंद करतील — मी काही बघत बसत नाही हां, खिडकी समोरच आहे तर दिसतं माणसाला. आणि हा पांढरा शर्ट कुणी सुचवला? तो आकाशी कुठाय, वरचं बटण तुटलेला? त्यात तुम्ही अगदी — बरे दिसता. बरे, एवढंच म्हटलं. दाबते — मिटले! शपथ, मिटले! अहो, इकडे कुठे येताय, मी दाखवते ना नंतर — द्या तो कॅमेरा! मागचे नका बघू, तो बाण नका दाबू, अहो —

बरं. बघा मग. उघडेच आहेत. त्यातही उघडेच. सगळ्यांत उघडे, आणि पहिलाच इतका गोड आलाय की कुठलीही शिक्षिका... कान तापले माझे. चष्मा कुठे गेला? डोक्यावरच आहे होय. चाळिशी उलटलेली बाई आणि काय हे चाळे! पण तो पहिला दिला असता तर तुम्ही टुणकन जिना उतरला असतात, ताईंनी आजच पाठवला असता, आणि मग लग्न झालं की दुपारी तुम्ही घरी, मी खिडकीतून बघायचं काय, तुमच्या दुकानाचं कुलूप? आता हसताय कशाला? सांगा ताईंना, फोटोवालीने बिघडवले सगळे, दुसरीकडे काढतो. जा.

जा म्हटलं ना? — माझ्यावर काय रोखताय तो कॅमेरा? माझा फोटो नको, केस बघा, झाडू झालाय नुसता. कुणाला दाखवायचाय? ताईंना? माझा?

...इश्श. काहीतरीच.

अंगठा आलाय तुमचा भिंगावर, काढा. आधी अर्धं दाबा. हं, तसंच धरा. घाई नाही. पहिला उडाला तरी मी हलायची नाही, कळलं? आता एक शब्द बोलू नका. दाबा.