गजराबाईच्या झाकलेल्या भाकरी

पखवाजवाले, हात जरा आवरा! मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. या जगात सगळ्यांना पुरेल एवढं आहे का हो? मागून कुणीतरी मान हलवतंय — नाही म्हणून! बरं. ऐका तर मग.

खडकमाळ नावाचं गाव. सप्त्याच्या शेवटी आमटी-भाकरीची पंगत. आमटी देवळापुढच्या कढईत शिजायची, भाकरी घराघरांतून यायच्या. प्रत्येकीनं झाकलेली दुरडी आणायची आणि अंथरलेल्या चादरीवर एकाच ढिगात ओतायची. कुणाच्या किती? मोजायचं नाही! गावची रीतच तशी.

त्या साली ज्वारी कमी पिकलेली. तरी गजराबाईनं सकाळीच वीस भाकरी थापल्या. दुरडी भरतेय, तोच शेजारची पारू भिंतीवरून म्हणते, "गजरावैनी, यंदा म्हणं कुणीच पुऱ्या भाकरी देणार न्हाई!"

झालं! गजरा मनाशी म्हणाली, 'मग मी एकटीच येडी व्हय?' आठ भाकरी दुरडीत, बारा घरी शिंक्यावर. वरून फडकं! हसताय काय, मायबाप? तुमच्याही घरी शिंकं आहे. आता त्याला फ्रिज म्हणतात एवढंच!

पहिली पंगत उठली. दुसरी उठली. तिसरी बसली आणि वाढपी ढिगाकडे गेला, तर तिथं रिकामी चादर! गजरा आमटी वाढत होती. वाढता वाढता थबकली. रांगेच्या टोकाला कोण? तिचा बाप! नऊ कोस चालत आलेला, लेकीच्या घरी न जाता थेट देवाच्या दारी बसलेला.

"आबा! तुमी कवा आलासा?"

"आत्ताच, पोरी. भाकरी संपली जनू. असू दे, दुस्काळाचं साल हाय. आमटी पिऊन बी पोट भरतंय."

म्हाताऱ्यानं द्रोण तोंडाला लावला. गजराला ते बघवेना. ती वाकून हळूच म्हणाली, "आबा, उठा. घरी चला. घरी भाकरी हाय."

म्हाताऱ्यानं द्रोण खाली ठेवला. रांगेतल्या रिकाम्या पत्रावळींकडे पाहिलं.

"घरी हाय?" तो म्हणाला. "मग हितं का न्हाई?"

रडू आलं तिला. पदर खोचला आणि पळत घरी गेली. बारा भाकरी घेऊन आली, फडकं न घालता! सगळ्यांदेखत म्हणाली, "म्या झाकून ठिवल्या व्हत्या. चुकलं माझं."

मग पारू उठली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. कुणी दहा आणल्या, कुणी पंधरा. तिसरी पंगत पोटभर जेवली, वाढपी जेवले, आणि दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीलाही भाकरी उरल्या! त्याच साली, बरं का! त्याच ज्वारीच्या!

आता मान हलवणारे बाबा, देवानं जगात किती ठेवलंय ते मोजायला मी काही गेलो नाही. पण खडकमाळला पुरेसं होतं, आणि तरी म्हातारा उपाशी उठणार होता. हे मात्र खरं.

आपलीही पंगत बसायची आहे. तिकडं दुरड्या आल्यात, मी बघितल्यात — जरा हलक्याच वाटल्या! कुणाच्या किती, विचारणार नाही. पण घर काही लांब नाही. जाऊन या. तोवर मी भजन धरतो.